सोळा वेळा तोच सूर

परीक्षेच्या खोलीत धाकट्याचा पाय एकसारखा हलत होता. हार्मनीच्या, म्हणजे वेगवेगळे सूर एकाच वेळी जुळवण्याच्या, या वर्गात मास्तर कागद नुसता वाचून निकाल देत नसत. विद्यार्थ्याने लिहिलेल्या चार ओळी चार जणांकडून एकत्र गाऊन घेत. आणि त्याच्या चौघांपैकी एक गाणारा ऐन वेळी तापाने आडवा झाला होता.

"बाहेर कोण बसलंय?" मास्तरांनी विचारलं.

"माझी ताई. शिकलेली नाही, पण कान पक्का आहे."

"मग बोलाव की! मुहूर्त बघतोस का?"

ताई लाँड्रीतून थेट आली होती. हात अजून वाफेने लाल होते. वरून दुसरी ओळ तिच्या वाट्याला आली. मास्तरांनी पियानोवर तिचा सूर दिला. "बदलला की वाजवून देईन, तोवर हाच धरा." ती केस कानामागे सारून ताठ उभी राहिली. खूश दिसत होती.

गाणं सुरू झालं. चौघांचे सूर एकदम मिळून एक कॉर्ड, अशा सोळा कॉर्ड. वरचा आवाज चढला, उतरला, मिरवला. खालचा उड्या मारत राहिला. तिसऱ्यालाही दोन-चार वळणं होती. ताई आपली एकाच सुरावर. दुसऱ्या कॉर्डला तोच, पाचव्यालाही तोच. दहाव्याला ती मास्तरांच्या बोटाकडे बघायला लागली. बोट हललं नाही. सोळाव्या, शेवटच्या कॉर्डलाही तिचा तोच सूर होता, अगदी स्वच्छ.

धाकट्याच्या आता लक्षात आलं. लागोपाठच्या दोन कॉर्डमध्ये जो सूर सामाईक असेल तो जागचा हलवू नये, हा पहिल्या धड्यातला नियम त्याने इमानेइतबारे पाळला होता. त्या ओळीत कुणी माणूस उभं राहणार आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"एकही चूक नाही. पास! वरच्या वर्गात ये," मास्तर म्हणाले. वर्षभर याच शब्दांसाठी त्याने जिवाचं रान केलं होतं.

"सर, दुसरी ओळ पुन्हा लिहू?"

"लिही. पण मग नव्याने तपासणार. कुठे नियम मोडला, तर वर्ष गेलं. पदरात पडलंय ते घे ना मुकाट्याने!"

ताईने पियानोवरचा कागद उचलून जपून भावाच्या हातात दिला. "माझ्याकडून काही चुकलं नाही ना रे?"

धाकटा बाकावर बसला.

"खोडरबर आहे का कुणाकडे?" त्याने विचारलं.