कार्ब्युरेटरमधलं मेण

कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात मेण होतं. चुकून गेलेलं नव्हे, कोणीतरी निवांतपणे दाबून बसवलेलं. एल्डन टेशने ते दाभणाच्या टोकावर काढलं, उजेडात धरलं आणि रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिलं. तिथे नॉर्ब राहायचा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात म्हाताऱ्यांना एकच नाद होता. बाग नांगरण्याचे, गवत कापण्याचे जुने छोटे ट्रॅक्टर भंगारातून उचलायचे, खोलायचे, रंगवायचे आणि ऑगस्टच्या जत्रेत मिरवायचे. एल्डन आणि नॉर्ब या नादात एकदमच शिरले होते. पण एल्डनचा यंदाचा ट्रॅक्टर साठ-बासष्ट सालातला होता. तसला दुसरा आसपास कोणाकडे नव्हता.

आणि तो काही केल्या सुरू होत नव्हता. वसंतात ठिणगी पाडणारे पॉइंट सरकलेले निघाले. मग प्लगची वायर आतून तुटलेली निघाली, वरचं रबर मात्र धडधाकट. आता मेण. दर वेळी एल्डन डायलिसिसहून परतला की नवं काहीतरी व्हायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो दुपारपर्यंत घरी नसतो, हे नॉर्बला ठाऊक होतं. करणारा जाणकार होता. मोडत काहीच नव्हता, फक्त आठवडाभराचं काम वाढवून ठेवत होता.

एल्डनने शेडचं कुलूप बदललं. एक किल्ली खिशात ठेवली, दुसरी स्वयंपाकघरात दाराजवळ टांगली. पुढच्याच शनिवारी पेट्रोलच्या नळीत चिंधीचा बोळा सापडला. नॉर्ब रोज सकाळी त्याच स्वयंपाकघरात कॉफी प्यायला यायचा.

रविवारी चर्चच्या तळघरात, सगळे डोनट खात असताना, एल्डन बोलला. "जत्रेआधी माझं इंजिन सुरू होऊ नये म्हणून कोण रात्रंदिवस जळतंय, मला माहीत आहे."

"कोण?" नॉर्बने विचारलं.

"ज्याला माझ्या स्वयंपाकघरातली किल्ली दिसते तो."

नॉर्बने कप खाली ठेवला. मग त्याने टोपी उचलली. "ठीक आहे. मीच, असं समज," म्हणाला आणि जिना चढून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कॉफीला आला नाही. एल्डनची बायको आर्डिस त्याचा कप रोज काढायची आणि न बोलता परत ठेवायची.

मंगळवारी इस्पितळाची गाडी नेहमीसारखी आली. एल्डन बसला. मक्याच्या शेतापाशी वळण आलं तसं त्याने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"डायलिसिस चुकवताय?" ड्रायव्हर म्हणाला.

"काम आहे."

तो मक्याच्या कडेने मागे चालत आला. पाय सुजले होते, दम लागत होता. नॉर्बला पकडल्यावर काय बोलायचं ते तो मनात घोळवत होता. शेडचं कुलूप उघडं होतं. आत पान्याचा आवाज येत होता. त्याने दार ढकललं.

ट्रॅक्टरपाशी आर्डिस गुडघ्यावर बसली होती. अंगात एल्डनचाच जुना कोट होता. इतकी वर्षं त्याच्या हातात एकेक हत्यार देता देता तिला सगळं येऊ लागलं होतं.

त्याला बघून ती दचकली ती वेगळ्याच कारणाने. "तू इथे कसा? तुझं डायलिसिस?"

"तू?" एल्डन म्हणाला. "तू करत होतीस हे?"

"आधी गाडीत बस. मी सोडते तुला."

"का केलंस ते सांग."

ती उठली. हात कोटाला पुसले, पुन्हा पुसले. "मार्चमध्ये डॉक्टरला काय म्हणालास? हा ट्रॅक्टर एकदा जत्रेत चालवतो, मग त्या डायलिसिसच्या खुर्चीवर मला पुन्हा बघणार नाहीस, म्हणालास. तुला वाटलं मी गाडी दारात आणायला गेलेय. मी पडद्यामागेच होते."

एल्डन ट्रॅक्टरच्या सीटवर बसला.

"मला बोलायचं होतं," आर्डिस म्हणाली. "रोज जेवताना ठरवायचे. जमलं नाही. हे जमत होतं."

तिने त्याला उठवलं, गाडीत बसवलं. उशीर झाला तरी इस्पितळवाले घेतील, असं ती स्वतःशीच म्हणत होती. फाटकाबाहेर पडल्यावर एल्डनने तिच्या हातावर हात ठेवला आणि समोर नॉर्बच्या घरापाशी थांबायला सांगितलं.

नॉर्ब अंगणात गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"आर्डिस होती," एल्डन खिडकीतून म्हणाला.

"माहीत आहे. मला माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसतं."

"मग रविवारी बोलला का नाहीस?"

"तिने का केलं तेही माहीत होतं." नॉर्बने पात्याची धार अंगठ्याने चाचपली. "शिव्या घालायला तुला कोणीतरी लागणारच होतं. मी रिकामाच होतो."

आर्डिसने इंजिन चालूच ठेवलं होतं. "तुझ्या गोठ्यामागे तो ट्रॅक्टरचा सांगाडा पडलाय ना," एल्डन म्हणाला, "तो मला दे."

"तो? त्यातून झाड उगवलंय, एल्डन. इंजिन दगड झालंय. त्याच्यापायी दोन-तीन उन्हाळे जातील तुझे."

"जाऊ देत," एल्डन म्हणाला. "मी गुरुवारी खुर्चीवरून आलो की तो उचलायला हात दे."