तुंबलेला पाऊस

पाऊस पुढे ढकलायची सोय झाल्यापासून शिरसवडीत तो पडलाच नव्हता. आज आमदारांकडचा मांडव, उद्या क्रिकेटची फायनल, परवा कुणाचं तरी बारसं. रद्द मात्र तो करता येत नसे. त्यामुळे सगळा पाऊस डोंगरामागच्या ढगांत तुंबला होता आणि ढग थोपवणारे मनोरे आता करकरू लागले होते.

मेघकेंद्रावर ड्यूटीला असलेल्या नीलाक्षीने लाउडस्पीकरवरून तिसऱ्यांदा सांगितलं, "काठपेठेतल्या लोकांनी ताबडतोब उंचावर जावं. पाऊस सोडावा लागतोय." पडद्यावर काठपेठ निवांत चहा पीत होती. नीलाक्षीचं सासरही तिथेच होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "अगं, गच्चीवर कुरडया घातल्यात. तासभर ढकल की! घरचं माणूस तिथे असून आम्हाला काय उपयोग?"

"आई, पूर येईल! आधी वर जा!"

"गुडघे दुखतात गं माझे. आणि तू ढकलशील, मला माहितेय."

एक मनोरा वाकला. नीलाक्षीने पुन्हा माइक ओढला. "काठपेठ, लक्ष द्या. दोन मिनिटांत सगळ्यांची वाळवणं भिजणार आहेत."

अख्खी पेठ जिन्यांवर धावली. सासूबाई सर्वांत पुढे होत्या. शेवटचा माणूस गच्चीवर पोचलेला दिसताच नीलाक्षीने पाऊस सोडला. बघता बघता तळमजले बुडाले.

संध्याकाळी गच्चीवरूनच फोन आला. "आम्ही सगळे धड आहोत," सासूबाई म्हणाल्या, "पण कुरडयांचा लगदा झाला. तासभर ढकलला असतास तर काय बिघडलं असतं?"