नटाखालचा रंग

असं समजा, मुलांनो, की तुम्ही एका गाडीखाली उताणे पडला आहात. पाठीखाली पोतं, नाकाशी ग्रीसचा वास, हातात तुमच्याच हाताएवढा लांब पाना. डोळ्यांसमोर चार नट आहेत. दोन तुम्ही कसलेत, दंड भरून आलेत, आणि फाटकाशी मैत्रीण केव्हाची हाका मारते आहे.

शनिवारी संध्याकाळी सुखदा अशीच पडली होती. गाडी म्हणजे जोंगा, लष्कराने निकालात काढलेली मोठी जीप, तिच्या बाबांनी स्वस्तात घरी आणलेली. खडकाळ रस्त्यावर चालावी म्हणून चाकांवर स्प्रिंगचे जाड पाटे नटांनी आवळून तिला उंच करणं चाललं होतं. "नटांचं काम माझं," असं आजोबांनी बाबांना बजावून सांगितलं होतं. कारखान्यात अशाच गाड्या जोडण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. पण आता गुडघे वाकत नव्हते, म्हणून गाडीखाली अकरा वर्षांची सुखदा. हे बाबांना ठाऊक नव्हतं.

आजोबांचा नियम एकच होता. नट पूर्ण कसला, की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत ब्रशने पिवळी रेघ ओढायची. ज्याने कसला, त्यानेच ओढायची. रेघ असलेल्या नटाला मग दुसरं कोणी तपासत नाही.

"झालं का गं?" आजोबांनी विचारलं.

"होऊन राहिलं."

"सुखदा, चल ना यार," फाटकातून सलोनी म्हणाली.

उरलेले दोन नट सुखदाने बोटांनीच फिरवले, जेवढे फिरले तेवढे. मग चारही नटांवर रेघा ओढल्या. उद्या सकाळी कसू, असं तिने ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. आजोबांनी काठीवर भार देऊन वाकत टॉर्च मारला, चार रेघा मोजल्या आणि म्हणाले, "शाबास."

रविवारी ती उठली तेव्हा अंगणात गाडी नव्हती.

"बाबा पनागरच्या रस्त्याला घेऊन गेलेत," आई म्हणाली. "ट्रायल करतो म्हणाले."

सुखदाने दूध तसंच ठेवलं. टेबलावर आईचा फोन होता. ती त्याच्याकडे बघत बसली. दुधावर साय धरली, तरी ती बघतच होती.

अकराच्या सुमारास गाडी आली. बैलगाडीच्या चालीने, एका अंगाला कललेली.

"क्या अंबरीश भैया," शेजारच्या गच्चीवरून दुबेजी म्हणाले, "जहाज डूब रहा है क्या?"

बाबा हसले नाहीत. खाली उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"खड्ड्यात पाटा ढिला होऊन मागचं चाक सरकलं. समोरून ट्रॅक्टर येऊन राहिला होता. त्याने ब्रेक मारला म्हणून..." त्यांनी खिशातून एक नट काढून आजोबांपुढे धरला. "हा पाट्यावर अडकून होता. बाजूचा दुसरा बोटाने फिरून राहिला. काहून झालं असं, अण्णा? रेघा तर चारही नटांवर होत्या."

आजोबांनी नट घेतला आणि उलटा केला. त्याच्या खालच्या बाजूला पिवळा रंग होता. नट लोखंडाला घट्ट टेकलेला असेल, तर तिथे रंग शिरायला जागाच नसते. आजोबांनी तो रंग अंगठ्याने एकदा चोळून पाहिला. मग सुखदाकडे पाहिलं. ते रागावून पाहत असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसतंच पाहत होते.

त्यांनी नट सदऱ्याच्या खिशात टाकला.

"माझाच हात हलका पडला असेल," ते म्हणाले.

"मी केव्हाचा तेच म्हणून राहिलो. आता तुमच्यानं होत नाही, पण तुम्ही ऐकत नाही. चलो, राहू द्या. बाकीचं गॅरेजवाला करेल. तुम्ही आता पान्याला हात नका लावू, अण्णा."

पायरीवरचा पाना आजोबांनी उचलला, फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसला आणि पेटीत ठेवला. झाकण लावताना कडी एकदा चुकली, दुसऱ्यांदा लागली.

"बघा," बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती.

सुखदा खांबाला टेकून उभी होती. काल रात्री तिने साबणाने तीनदा हात धुतले होते, तरी नखांच्या कडांना पिवळा रंग राहिलाच होता. तिने मुठी मिटल्या.

घराचं दार चार पावलांवर होतं. आत आई होती, अर्धा राहिलेला गृहपाठ होता. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. आजोबा तर आता कधीच विचारणार नव्हते.

सुखदा आजोबांजवळ गेली. त्यांच्या खिशात हात घालून तिने तो नट काढला. आजोबांनी तिचं मनगट धरलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं. मग ती बाबांसमोर गेली आणि त्यांच्या तळहातावर नट उलटा ठेवला, रंगाची बाजू वर करून.

"बाबा, ही रेघ आजोबांची नाही," ती म्हणाली.

आणि तिने नटाशेजारी आपली मूठ उघडली, नखं वर करून.