अकरावी रांग

"अगं, पट्ट्या राहू दे ना," ड्राफ्ट्समन तिसऱ्यांदा म्हणाला. "पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या असल्या की कसं थिएटरसारखं वाटतं."

"पट्ट्यांमागे चित्र झाकलं जातं, दादा," रिसेप्शनिस्ट म्हणाली. नकाशा कार्यालयात ती गेल्याच महिन्यात लागली होती आणि सुपरहिरो म्हटलं की जीव टाकायची. महिनाअखेरच्या शनिवारी ऑफिसला सिनेमा दाखवायची पाळी या वेळी तिची होती. "ही दिग्दर्शकाची आवृत्ती आहे. उंच चौकट, अख्खं चित्र! स्टेडियमचा प्रसंग थिएटरात दोन सेकंद होता, इथे पूर्ण एक मिनिट."

शूटिंगच्या दिवशी त्या स्टेडियममधल्या गर्दीत ड्राफ्ट्समन स्वतः होता. ताप आल्याचं कळवून, खोटी रजा टाकून. थिएटरात जाऊन त्याने चार वेळा खात्री करून घेतली होती. चित्र सातव्या रांगेवरच संपत होतं आणि तो बसला होता अकराव्या रांगेत.

नशीबही असं, की त्या दिवशी अर्धं ऑफिस तापाने आडवं झालं होतं. खऱ्या साथीत त्याचा खोटा ताप बिनबोभाट खपून गेला. साहेब स्वतः मुख्यालयात बैठकीला गेले होते. पण खोट्या रजेचं त्यांना भारी वावडं. आधीच्या ड्राफ्ट्समनला त्यांनी त्यापायीच गोदामात धाडलं होतं. आणि येत्या सोमवारी याच्या बढतीवर सही व्हायची होती.

"एवढं उंच कशाला?" साहेबच म्हणाले. "मान दुखते माणसाची."

"अगदी खरं, साहेब!" टपालवाल्या बाई लगेच म्हणाल्या. स्टोअरकीपरनेही मान डोलावली. साहेबांची री ओढायला ऑफिसात कोणी मागे नसायचं. आज मात्र ड्राफ्ट्समनला त्यांचे पायच धरावेसे वाटले.

"पण साहेब, तुम्हीच म्हणता ना, नकाशाच्या कडेचा एक इंचही कापायचा नाही?" रिसेप्शनिस्ट म्हणाली.

तिने बटण दाबलं.

पट्ट्या गेल्या. हिरो स्टेडियमवरून उडाला. आठवी रांग, नववी, दहावी. अकराव्या रांगेत आ वासून टोपी उडवणारा ड्राफ्ट्समन स्वच्छ दिसला. संपलं सगळं! त्याने चोरून आजूबाजूला पाहिलं.

त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. टपालवाल्या बाई नवव्या रांगेतल्या टपालवाल्या बाईंकडे बघत होत्या, स्टोअरकीपर बाराव्या रांगेतल्या स्टोअरकीपरकडे. आणि सगळ्यात वरच्या रांगेत, पाठीला हिरोचा लाल झगा बांधून, खुर्चीवर उभे राहून नाचत, साहेब मुख्यालयातल्या बैठकीला हजर होते.