ठिपक्यांच्या पोटी पट्टे

गिऱ्हाईक डबा घेऊन आलं ते तणतणतच. "तुमची मादी खोटी निघाली! बघा पिल्लं कशी उताणी पडतायत. माझा नर शंभर नंबरी आहे."

घरी साप पैदा करून हौशी लोकांना विकणाऱ्या सापवाल्यानं डब्यात डोकावून पाहिलं. करंगळीएवढं, बिनविषारी कॉर्न स्नेकचं पिल्लू मान मागे टाकून छताकडे बघत होतं. सरळ व्हायला जायचं आणि पुन्हा कलंडायचं.

त्याच खोलीत पलंगावर सापवाल्याची बायको लेकीला भरवत होती. लेक चार वर्षांची, पण मान अजून धरत नव्हती. पायाशी बॅग भरून ठेवलेली. तिचा भाऊ दोघींना न्यायला येणार होता, आणि परत आणून सोडणार नव्हता. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता: खोट सुनेच्या माहेरच्या रक्तात, आमच्या सात पिढ्यांत असं लेकरू नाही. नवऱ्यानं त्यावर मिठाची गुळणी धरली होती.

"अहो, मादी काय एकटी पिल्लं घालते?" सापवाला उसळला. धंद्यावर आलं की मुक्यालाही वाचा फुटते. त्यानं फळीवरचे डबे उघडले. "ही बघा जोडी, दोघं ठिपक्यांचे. आणि हे त्यांचं पिल्लू. अंगभर पट्टे! कुठून आले? दोघांतही लपलेले होते. एकाकडूनच आले असते तर दिसलेच नसते. हा मानेचा दोषही तसाच. आईबाप वरून ठणठणीत, पण दोघांनी दिला तरच पिल्लात उतरतो. तुमच्या नरातही आहे, लिहून देतो!"

"म्हणजे मादीला बोल लावण्यात अर्थ नाही?"

"टाळी एका हातानं वाजते होय?"

गिऱ्हाईक वरमलं, डबा उचलून निघून गेलं.

बायकोचा चमचा वाडग्यातच राहिला होता.

"डॉक्टरही असंच काहीतरी सांगत होते ना?" ती म्हणाली. "मला धड कळलं नाही. बाहेर आल्यावर तुम्हीच म्हणालात, दोष तुझ्याकडून आलाय."

तो डबे लावत राहिला.

"अहो, आईंना सांगा ना. आत्ता त्या गिऱ्हाईकाला सांगितलंत तसंच." किती दिवसांनी तिच्या जिवात जीव आला होता! "दादा यायच्या आत सांगा."

"काय रे, काय सांगायचंय?" आतून येत सासूबाईंनी विचारलं.

त्यानं पट्टेवालं पिल्लू अलगद आत सोडलं. झाकण लावलं, दाबून पाहिलं.

"काही नाही, आई. सापांचं वेगळं असतं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं हात पुसले आणि बॅग उचलली.

"जड आहे," तो बायकोला म्हणाला. "मी आणतो खाली. तू तिची मान सांभाळ."