शाकाहारी मुनीम

"हाऊ उपाशी नही शे, मावशी," भिला डॉक्टर म्हणाले. "खाई खाई सन फुगी गया."

डॉक्टरांच्या टेबलावर मुनीम पोट टेकून पडला होता. हातभर लांब, दाढीवाला सरडा. चांदनीच्या नवऱ्याचा, जिनेशचा, सुरतचा मित्र परदेशी जाताना त्याला पेटीसकट गळ्यात मारून गेलेला. दुकानाच्या काउंटरवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला निरखायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला मुनीम करून टाकलं. आज सकाळपासून त्याला मागचे पाय उचलता येईनात.

हे आपलंच पाप, चांदनीला कळून चुकलं होतं. आणि शेजारी सासूबाई ताठ मानेनं बसलेल्या.

"फुगेल कशानं?" दाखूबाई म्हणाल्या. "आमचा मुनीम शुद्ध शाकाहारी आहे. या घरात राहायचं तर घरासारखं खायचं, पहिल्याच दिवशी सांगितलं मी त्याला. भोपळा, दुधी, भिजवलेले मूग. चातुर्मासात आम्ही पालेभाजी खात नाही, पाल्यात जीव असतात. तर तोही खात नाही. विचारा अख्ख्या तळोद्याला!"

विचारायची काही गरज नव्हती. पर्युषणात जैन स्थानकातल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून मुनीमला बघायला आल्या होत्या. "संस्कार बघा घरचे," म्हणत एकीनं तर चांदनीच्याच डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. कारण त्याच दुपारी, घर झोपलेलं असताना, तिनं परसातले नाकतोडे रुमालात धरून त्याच्या पेटीत टाकले होते. स्वतःला कडक उपास असताना! पण करणार काय? मुनीम भोपळ्याच्या फोडीकडे बघायचा आणि मग तिच्याकडे बघायचा. ते काही तिला सोसत नव्हतं. संवत्सरीला, वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची माफी मागायच्या दिवशी, तिनं घरादाराला हात जोडले, मुनीमलाही जोडले. मिच्छामि दुक्कडम्. नाकतोड्यांना कुठं शोधणार होती?

डॉक्टर तसे गाईम्हशींचे. पण त्यांनी सुरतेच्या एका जाणकाराला फोन लावून सगळं विचारून घेतलं होतं. त्यांनी मुनीमच्या पोटावरून बोट फिरवलं.

"याले किडा कोन देस?"

चांदनीनं सासूबाईंकडे चोरून बघितलं.

"खरं सांगा बरं. काळजावर चरबी चढेल शे याना. लपाडशात ते हाऊ मरी जाई."

"मी," चांदनी म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "मी देत होते, मम्मीजी. आठवड्यातून एकदा. नाकतोडे."

"बिनणी!" सुनेला एवढीच हाक दाखूबाईंच्या तोंडून निघाली. त्या ओरडल्या असत्या तर चांदनीला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मान हलवली. "एकदाव? तेवढं ते याले लागसच. तेवढामा इतली चरबी चढत नही."

दाराशी उभा असलेला जिनेश खाकरला. "मी पण," तो म्हणाला. "गोडाउनच्या मागं रातकिडे असतात. रविवारी... कधी कधी मधेच."

"अहो, तुम्ही?" चांदनीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "पाणी गाळताना जरा सांडलं तर मला किती बोलता!"

जिनेश आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"तरी बी नही," डॉक्टर म्हणाले. "आनि तुमी याना पालाच बंद करी टाका? अहो, हाऊ आते मोठा शे. लहानपने याले किडा जास्त लागतस, मोठा व्हयना की पाला. शेवगाना पाला, कोथमीर. आजपाईन चालू करा, वाची जाई."

वाचेल म्हटल्यावर चांदनीचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच क्षणाला तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाल्यातल्या न दिसणाऱ्या जिवांची दया करत बसलो, आणि डोळ्यांना दिसणारे, पाय झाडणारे जीव रुमालात धरधरून घातले! वर शाबासकी घेतली.

"पन इतला किडा याले रोज कोन देस?" डॉक्टर काही सोडेनात. "हाई रोजनं काम शे."

"मी नाही," जिनेश म्हणाला.

"शप्पथ, मी नाही," चांदनी म्हणाली.

मग दोघांनी एकदमच वळून बघितलं. दाखूबाईंची मान खाली गेली होती.

"दुकानातल्या रव्यात, हरभऱ्यात अळ्या निघतात," त्या हळूच म्हणाल्या. "त्या मारायच्या नाहीत. चाळून घ्यायच्या आणि सावलीत नेऊन सोडायच्या. माझ्या सासूनं घालून दिलेला नेम आहे. मी नाही गं मारलं कोणाला. सोडतच होते."

"कुठं सोडत होता, मम्मीजी?"

दाखूबाईंनी पदर पार कपाळापर्यंत ओढला.

"पेटीतही सावलीच असते ना," त्या म्हणाल्या. "सोडलं की मी पाठ फिरवायचे. आणि त्याच्या खाण्याचा आवाज कानावर पडू नये, म्हणून नवकार मंत्र मोठ्यानं म्हणायचे."