गावाला विचारा

घंटा वाजली आणि हिलरीच्या हातातलं पेन थांबलं. आवाज आतल्या खोलीतून आला होता, मोनीआत्याच्या खोलीतून. पण मोनीआत्या उन्हाळ्यातच मातीत गेली होती आणि ती पितळी घंटाही तिच्यासोबत. हिलरीनेच ती शवपेटीत तिच्या हाताशी ठेवली होती, सगळ्या गावादेखत. "आता देवाला हाक मार, आत्या," असं म्हणाला होता. गास गावातल्या बायका पदर तोंडाला लावून रडल्या होत्या.

पुन्हा वाजली. ऐकू आलं नाही असं दाखवावं, तर दाखवायचं कोणाला? घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको एमिली घरात असली की घंटा गप्प. पाहुणे असले की नाहीच नाही. तो एकटा असला की मात्र हमखास.

समोरचा कागद कोरा होता. रविवारी चर्चमध्ये आजी-आजोबांचा दिवस. घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा या विषयावर बोलायला फादर क्लिफर्डनी हिलरीलाच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगणार? खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली आत्या, तिला ना मूल ना बाळ. हिलरीने तिला वर्षानुवर्षं सांभाळलं. घंटा किणकिणली की हातातला चहा टाकून, समोरच्या पाहुण्याला "आलोच हं" म्हणून तो आत धावायचा. पाहुणे हे बघायचे आणि चार घरी सांगायचे. पुण्य देवाकडे जमा होतं म्हणतात. हिलरीचं आधी गावात जमा व्हायचं, मग वर जायचं. वर पोचेपर्यंत त्यातलं किती उरायचं, हे तपासायला अजून कोणी गेलं नव्हतं.

घंटेचं ऐकून फादर परवाच येऊन त्या खोलीत पवित्र पाणी शिंपडून गेले होते. निघताना त्यांनी चपला घालता घालता विचारलं, "ती बोलवायची तेव्हा जायचास ना रे?"

"धावत, फादर! गावाला विचारा."

दुसरी चप्पल घालायला फादरना जरा वेळ लागला, इतकंच.

तिसऱ्यांदा वाजली. या वेळी लांबलचक, धीर सुटल्यासारखी. हिलरी उठला. आत नाही, बाहेर ओट्यावर गेला. शेजारच्या वाडीतल्या आनंदीबाई केळफूल घेऊन फाटकातून येत होत्या. आत्याची जुनी मैत्रीण. आत्या होती तोवर रोज दुपारी तिच्याशेजारी येऊन बसायच्या. त्यांचा पाय ओट्याला लागला आणि आतला आवाज तुटला.

"बसा काकी, बसा." हिलरी खुर्ची ओढायला जरा जास्तच धावला. मग त्याला राहवेना. "काकी, खरं सांगा. आत्याने घंटा वाजवली आणि मी गेलो नाही, असं एकदा तरी झालं?"

"छे रे बाबा! एकदाही नाही. मी देवाशपथ सांगेन."

हिलरीला केवढं सुटल्यासारखं वाटलं. रविवारी बोलायला हे बरं होतं, तेही परधर्माच्या शेजारणीच्या तोंडचं.

आनंदीबाई बसल्या. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

"मी आले की वाजवायची," त्या म्हणाल्या. "तू धावत आलास की पाणी दे म्हणायची, उशी सारखी कर म्हणायची. एकदा मी रागावले. म्हटलं, अगं मोनी, सकाळपासून घसा कोरडा पडलाय म्हणतेस, मग मी यायची वाट कशाला बघत बसलीस? घंटा उशाशीच तर होती. तर हसली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'कोणी नसताना वाजवली आणि तो आला नाही, तर मग मी काय करू?'"